पिकोमोलरचं कौतुक पुरे, आता नळाखाली बाटली धरा!

हेवी मेटल म्हटलं की आमच्या विंगमधल्या निम्म्या पोरांना गिटार आठवतं आणि उरलेल्यांना रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीतून येणारा धडधडाट. पण मित्रहो, आज ज्या हेवी मेटलबद्दल लिहायचं आहे ते जरा वेगळं. शिसं, पारा, कॅडमियम ही ती मंडळी. यांना आवाज नाही. पाण्यात विरघळलेली असली तर रंग नाही, वास नाही, ग्लास तोंडाला लावून ओळखायची काही सोय नाही.

आणि ही मंडळी पकडण्यासाठी डीएनएचा सेन्सर बनवणं ही गेल्या काही वर्षांत आपल्या कॉलेजात फायनल इयर प्रोजेक्टची जवळजवळ फॅशनच झाली आहे. केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, झालंच तर इलेक्ट्रॉनिक्सवाले, सगळेच सोन्याचा इलेक्ट्रोड घेऊन बसलेले! फॅशनबद्दल माझी काही तक्रार नाही. मी स्वतः केमिकलचा, आणि विषय खरोखर सुंदर आहे. तक्रार आहे ती आपण हा विषय ज्या वळणावर सोडून देतो त्याबद्दल.

मागच्या सेमिस्टरला एका ग्रुपचा सेमिनार होता. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘डिटेक्शन लिमिट : १ पिकोमोलर’. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर बसलेल्या लॅबमधल्या काकांनी हात वर करून विचारलं, “पाणी कुठलं घेतलंत?” उत्तर आलं, “डबल डिस्टिल्ड, काका.” त्यावर काका म्हणाले, “ते कोण पितं?” सगळे हसले आणि पुढचा ग्रुप उभा राहिला. माझ्या मते त्या दिवसातला तो एकच कामाचा प्रश्न होता आणि तो हसण्यावारी गेला. म्हणून माझं मत आधीच सरळ सांगून टाकतो. निदान एका खऱ्या नळाचं पाणी तपासून दाखवल्याशिवाय अशा प्रोजेक्टला पूर्ण मार्क मिळू नयेत. सरांना आणि मॅडमना राग आला तरी चालेल, पण लेख शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

ज्यांचा केमिस्ट्रीशी फर्स्ट इयरनंतर संबंध उरला नाही अशा मेक आणि सिव्हिलच्या दोस्तांसाठी आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. घरी आजी-आजोबांची शुगर तपासायचा ग्लुकोमीटर पाहिला असेलच. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की तिथलं एन्झाइम ग्लुकोजवर काम करतं, त्यातून इलेक्ट्रॉन मिळतात, करंट मोजला जातो आणि आकडा दिसतो. आपल्या सेन्सरचं तत्त्व त्याचंच भावंड. एन्झाइमच्या जागी डीएनएचा एक छोटा तुकडा, गंधकाच्या हुकने सोन्याच्या पृष्ठभागावर अडकवलेला. त्याच्या मोकळ्या टोकाला मिथिलीन ब्लूसारखा एखादा रेणू, जो इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करू शकतो. तो इलेक्ट्रोडजवळ आला की करंट वाढतो, लांब गेला की घटतो. धातूचा आयन येऊन डीएनएला चिकटला की डीएनएचा आकार बदलतो. बस, सगळी गंमत एवढीच!

पण कुठला आयन कुठल्या डीएनएला चिकटेल? इथे खरी मजा आहे. बारावीत आपण घोकलेलं आहे की ए ची जोडी टी शी आणि जी ची सी शी. दोन टी समोरासमोर आले तर त्यांचं काही जमत नाही. पण दोन धन भारांचा पाऱ्याचा आयन त्यांच्या मधोमध येऊन बसला तर तो दोघांनाही घट्ट धरतो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. फरक इतकाच की हा मध्यस्थ जेवून आपल्या घरी जात नाही, कायमचा दोघांच्या मध्ये राहतो. जपानच्या अकिरा ओनो आणि तोगाशी या जोडीने २००४ साली यावरून पाऱ्याचा सेन्सर केला. त्यांचा सिग्नल प्रकाशाचा होता. डीएनए दुमडला की त्याच्या टोकाचा चमकणारा रेणू विझायचा. मग इतरांनी तीच युक्ती इलेक्ट्रोडवर आणली.

शिशाची गोष्ट आणखी जुनी आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत ब्रेकर आणि जॉइस यांनी दाखवलं की डीएनए नुसती माहिती साठवत नाही, तो एन्झाइमसारखं कामही करू शकतो. आणि त्या पहिल्या डीएनए एन्झाइमला काम करायला शिशाचा आयनच लागत होता! इलिनॉय विद्यापीठातल्या यी लू यांच्या गटाने २००० साली अशाच एका डीएनए एन्झाइमवर शिशाचा सेन्सर उभा केला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केविन प्लॅक्सको यांच्या लॅबने तो सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बसवला. शिसं नसताना डीएनएच्या दोन साखळ्या मिळून ताठ उभ्या असतात आणि मिथिलीन ब्लू इलेक्ट्रोडपासून लांब राहतो. शिसं आलं की एक साखळी तुटून निघून जाते, उरलेली लवचिक होते, मिथिलीन ब्लू खाली पोचतो आणि करंट वाढतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मेसचं जेवण थंड होऊ दिलं होतं. (मेसचं जेवण पाहता हा फार मोठा त्याग नव्हे, हे मान्य.)

जाता जाता एक. डीएनए इलेक्ट्रोडवर सिग्नल देतो हे १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियात एमिल पालेचेक यांनी दाखवलं, आणि ते दाखवलं पाऱ्याच्या थेंबाच्या इलेक्ट्रोडवर. ज्या पद्धतीतून ते आलं तिच्यासाठी हेरोव्स्की यांना १९५९ चं नोबेल मिळालं होतं. म्हणजे ज्या पाऱ्याच्या मागे आज आपण डीएनए घेऊन लागलोय, त्याच पाऱ्याच्या खांद्यावर बसून हे शास्त्र मोठं झालं.

असो. आता त्या पिकोमोलरकडे येऊ. कॅल्क्युलेटर काढा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० शिशाची मर्यादा सांगतं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीबी. शिशाचं अणुभार सुमारे २०७. भागाकार केला की येतात साधारण ४८ नॅनोमोलर. पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ५ नॅनोमोलर. एक पिकोमोलर म्हणजे नॅनोमोलरचा हजारावा भाग. शिशाच्या बाबतीत तुमचा सेन्सर मर्यादेच्या ४८ हजार पट खालचं पाहतो म्हणून तुम्ही टाळ्या घेतल्या. पण आपल्याला विचारायचंय ते हे की या नळाला ५ पीपीबी आहे, १५ आहे की ५०? वाण्याच्या दुकानात साखर तोलायला सोनाराचा काटा घेऊन जाण्यातला हा प्रकार. काटा उत्तम, पण त्यावर पोतं ठेवता येत नाही.

यावर एक खरा प्रतिवाद आहे आणि तो मी टाळणार नाही. आमच्याच एका सरांनी तो मांडला. लिमिट खूप खाली असेल तर नमुना शंभर पट पातळ करता येतो. पातळ केला की पाण्यातल्या इतर गोष्टींचा त्रासही शंभर पट कमी होतो, आणि तरीही शिसं दिसतं. बरोबर आहे सर, शंभर टक्के बरोबर. मग ते करून दाखवू ना! मी ज्या सेमिनारना बसलो त्यातल्या एकातही कोणी नळाचं पाणी शंभर पट पातळ करून तपासलेलं दाखवलं नाही. सगळे डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिसं टाकून सरळ रेषा काढतात, आर-स्क्वेअर ०.९९ लिहितात आणि व्हायवाला सामोरे जातात.

खरं पाणी सरळ रेषेत वागत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या बसाल्टातून येतं. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर पाहिला असेल, तोच त्याचा बायोडेटा. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं, जे कडक पाण्यात मुळीच विशेष नाही, तरी ते झालं २ मिलिमोलर. शिशाच्या मर्यादेच्या चाळीस हजार पटींहून जास्त. शिशासाठी जो ‘८-१७’ नावाचा डीएनए एन्झाइम सर्रास वापरतात, तो शिशाबरोबर सगळ्यात जोरात चालतो हे खरं, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झिंकबरोबरही तो थोडाफार चालतो. एका गुन्हेगारामागे चाळीस हजार सज्जन रांगेत उभे असतील आणि त्यातले काही हवालदाराला जरा ओळखीचे वाटत असतील, तर हवालदाराचं काय होईल? दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमध्ये जी-जी-जी-जी अशी चौकट बनते आणि शिसं तिच्या मध्ये बसतं. त्या खुर्चीवर पोटॅशियमलाही बसता येतं, आणि पोटॅशियम प्रत्येक पाण्यात आहे. पाऱ्याला क्लोराइडचं भारी प्रेम, त्यामुळे खारट पाण्यात डीएनएच्या वाट्याला तो कमी येतो. नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन सोन्यावरच्या गंधकाच्या हुकालाच त्रास देतो. आणि हे सोडाच, शिशाच्या सेन्सरला फॉस्फेट बफर वापरणारे वीरही मी पाहिलेत. शिसं आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा साका होतो. म्हणजे जे मोजायचं तेच आधी तळाशी बसवायचं!

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. हा सेन्सर फक्त विरघळलेला, मोकळा आयन पाहतो. पाईप आणि नळातून सुटणारं शिसं पुष्कळदा बारीक कणांच्या रूपात येतं. कण डीएनएला दिसत नाहीत. पोटातल्या ॲसिडला मात्र दिसतात. म्हणून मोठ्या लॅबमध्ये नमुना आधी नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली नेतात, की कण विरघळावेत. त्या पीएचला डीएनएच्या जोड्या टिकत नाहीत. म्हणजे आधी ॲसिड, मग न्यूट्रल करणं, मग सेन्सर. ही पायरी ज्या प्रोजेक्टमध्ये नाही त्याचा ‘पाण्यात शिसं नाही’ हा निष्कर्ष मी मानायला तयार नाही. पाऱ्याचंही तसंच. जपानच्या मिनामाटाचं नाव प्रत्येक रिपोर्टच्या इंट्रोडक्शनमध्ये असतं. तिथे १९५६ मध्ये रुग्णांची नोंद झाली आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ मध्ये. पण तिथलं विष होतं मिथाइल पारा, आणि ते पोटात गेलं मासळीतून. दोन टींच्या मध्ये पूल बांधणारा साधा पारा तो नव्हे. मिथाइल पाऱ्याचा एक हात आधीच गुंतलेला असतो, त्याला दोघांना धरता येत नाही. तेव्हा पहिल्या पानावर मिनामाटा आणि शेवटच्या पानावर टी-टी सेन्सर, हे जोडण्याआधी मधली पानं वाचावीत.

“मग जुनी स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री काय वाईट?” हा एक्सटर्नलचा आवडता प्रश्न. वाईट नाहीच. बिस्मथचा थर दिलेल्या कार्बन इलेक्ट्रोडवर शिसं पीपीबीमध्ये मोजता येतं हे २००० सालापासून माहीत आहे. पण त्यातही कण विरघळवावेच लागतात, आणि कोणता धातू कोणत्या शिखरात मिसळला हे ओळखायला हात बसलेला माणूस लागतो. डीएनएचा फायदा असा की ओळखण्याचं काम रेणूवरच सोपवता येतं आणि मोजायला अगदी साधं यंत्र पुरतं. किती साधं? २०११ मध्ये शियांग आणि लू यांनी डीएनएला इन्व्हर्टेज हे एन्झाइम जोडलं. हवा तो पदार्थ आला की इन्व्हर्टेज सुटतं, साखरेचं ग्लुकोज करतं आणि ते ग्लुकोज दुकानातल्या साध्या ग्लुकोमीटरवर मोजलं जातं. त्यांनी त्यावर युरेनियमसुद्धा मोजून दाखवलं. आजीच्या ग्लुकोमीटरवर युरेनियम! मला या क्षेत्रातलं सगळ्यात जास्त पटलेलं काम हे, कारण त्यात प्रश्न ‘किती खाली जाता येईल’ हा नव्हता, ‘कोणाच्या हातात देता येईल’ हा होता.

हातात देणं इतकं महत्त्वाचं का, ते अमेरिकेतल्या फ्लिंट शहरावरून कळतं. एप्रिल २०१४ मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी सुरू केलं आणि पाईप गंजू नये म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. जुन्या पाईपांतलं शिसं नळात उतरलं. तिथे यंत्रं नव्हती का? ढीगभर होती. पण नागरिकांना नमुना घेण्याच्या सूचना अशा दिलेल्या की आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा. म्हणजे रात्रभर पाईपात मुरणारं पाणी आधीच धुऊन काढा आणि मग तपासा! अखेर २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या टीमने लोकांना बाटल्या पाठवल्या. पहिली बाटली नळ उघडताक्षणी, दुसरी ४५ सेकंदांनी, तिसरी दोन मिनिटांनी. सुमारे अडीचशे घरांनी नमुने परत पाठवले आणि चित्र उघडं पडलं. नळ आधी सोडून ठेवायला सांगू नका, असं त्यांच्या केंद्रीय पर्यावरण खात्याने राज्यांना फेब्रुवारी २०१६ मध्ये स्पष्ट कळवलं. यंत्र बरोबर होतं, बाटली चुकीच्या वेळी भरली जात होती.

आणि आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण हवं असेल तर रात्री साडेबाराचं मॅगी घ्या. २०१५ मध्ये कोलकात्याच्या सरकारी लॅबचा आकडा आला, शिसं १७.२ पीपीएम, मर्यादा २.५. जूनमध्ये देशभर बंदी. होस्टेलवर तेव्हा काय हाहाकार झाला असेल याची कल्पना आपण करू शकतो. १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली. एक प्रमुख कारण असं, की ज्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला अपेक्षित अशी मान्यता नव्हती. पुन्हा तीन मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं, नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आलं. या सगळ्या भांडणात ‘तुमच्या यंत्राची डिटेक्शन लिमिट किती?’ यावर काही अडलं नाही. अडलं ते नमुना कोणी हाताळला, कुठे तपासला आणि तो आकडा कोण मानणार यावर. आपल्या रिपोर्टात या प्रश्नांना एक परिच्छेदही नसतो.

आता आपल्या कॅम्पसबद्दल. आपल्या पाण्यात शिसं आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही कोणी म्हणू नये, कारण माझ्या माहितीत ते कोणी मोजलेलंच नाही. टाकी वर्षातून दोनदा धुतली जाते, टीडीएस मीटरवर आकडा पाहून सगळे खूश होतात. टीडीएस मीटरला शिसं कळत नाही हो! तो सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यात १० पीपीबी म्हणजे समुद्रात चिमूट. फ्लिंटसारखे शिशाचे पाईप आपल्याकडे नसतील, पण पितळी नळांत शिसं असतं. पीव्हीसी पाईपात स्टॅबिलायझर म्हणून शिशाची संयुगं वापरली जायची, त्यावर केंद्र सरकारला २०२१ मध्ये नियम करावे लागले. आपल्या जुन्या विंगचे पाईप त्याच्या कितीतरी आधीचे. आपण चार वर्षं पाणी पिऊन निघून जाणार. पण स्टाफ क्वार्टर्समध्ये दोन-तीन वर्षांची पोरं आहेत, संध्याकाळी लॉनवर खेळताना दिसतात. शिशाचा सगळ्यात जास्त धोका त्या वयाला, वाढत्या मेंदूला. रक्तातल्या शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

आपल्या लॅबमधलं एएएस फ्लेमवालं आहे. १० पीपीबी शिसं त्याला नीट दिसत नाही, त्यासाठी ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस लागतं, म्हणजे नमुना बाहेर पाठवणं आणि पैसे मोजणं आलं. पन्नास नळांचे नमुने कोण पाठवणार? इथेच हा डीएनए सेन्सर कामाचा आहे. पन्नास नळ सेन्सरवर चाळा आणि संशयित पाच-सहा बाहेरच्या एनएबीएल लॅबला पाठवा. त्यांच्याबरोबर सेन्सरने स्वच्छ ठरवलेले दोन-तीनही मुद्दाम पाठवा, कारण सेन्सर कुठे डोळे झाकतो ते त्यातूनच कळेल. नळाच्या पाण्यात मोजून शिसं घाला आणि किती परत मिळतं ते लिहा. साठ टक्के मिळालं तर साठ लिहा. आणि सर, मॅडम, इथे तुमची मदत हवी. साठ लिहिणाऱ्याचे मार्क कापले गेले तर पुढच्या वर्षी सगळे अठ्ठ्याण्णव लिहितील, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. “याचा पेपर होणार नाही” असंही ऐकलंय. झाला तर आनंद, नाही झाला तर बोर्डावर लावू. कॉरिडॉरमधल्या नोटीस बोर्डाला पेपरपेक्षा जास्त वाचक आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत जुनी विंग पंधरा दिवस बंद असते, पाईपातलं पाणी पंधरा दिवस तसंच उभं. कॉलेज उघडेल त्या दिवशी पहाटे, कोणी तोंड धुण्याआधी, प्रत्येक मजल्यावरून तीन बाटल्या भरायच्या: नळ उघडताक्षणी, ४५ सेकंदांनी, दोन मिनिटांनी. रेक्टर सरांची परवानगी मागितली आहे. बाटल्या ॲसिडने धुऊन ठेवायचं काम माझ्याकडे. पहाटे पाचला खरोखर उठू शकणारी चार पोरं हवी आहेत, नावं मेसच्या दारावरच्या कागदावर लिहा. आणि त्या दिवशी माझ्याआधी कोणी नळ उघडला तर बघा!